दुतोंड्या मारुती, वसईची घंटा आणि आमचं गलबत

नाशिकला समुद्र नाही. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण ती त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. अशा गावात बसून मी चार जणांसाठी समुद्री चाच्यांचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत खेळायची एक सलग गोष्ट, आखायला घेतलं. पहिला प्रयत्न साफ फसला. दुसरा अजून चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डंजन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ साली आलेला, बोलून खेळायचा खेळ. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन वावरतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमचा अड्डा कॉलेज रोडजवळ, माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर, एक शनिवार सोडून एक. माझी मामेबहीण क्लेरिक, म्हणजे जखमा भरून काढणारी पुजारीण. फिजिक्सच्या शिकवण्या घेणारा वर्गमित्र विझर्ड, म्हणजे जादूगार. एका औषध कंपनीचा एमआर बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या. आणि रोग, म्हणजे चोर (हो, रोगच, त्यावरचे सगळे विनोद करून झालेत), आहे पिंपळगावकडचा द्राक्ष बागायतदार. याला लक्षात ठेवा.

पहिल्या वेळी मी पावसाळाभर तयारी केली. बावीस बेटं, प्रत्येकाचा इतिहास, राजघराणी, भांडणं. कागद चहात बुडवून, कडा मेणबत्तीवर जाळून खजिन्याचा नकाशा बनवला. त्या नादात आईचा टेबलक्लॉथ गेला. पहिल्याच सेशनला तासाभरात बागायतदाराने तो नकाशा बंदरातल्या एका व्यापाऱ्याला रोखीत विकला. "खजिना आहे की नाही कुणी बघितलंय? हा भाव आज मिळतोय." मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. ज्याने कांद्याचा भाव एका रात्रीत पडताना पाहिलाय, तो उद्याच्या आशेवर माल धरून कशाला बसेल? बावीस बेटं वहीतच राहिली.

मग मी घाईघाईने समुद्री लढाई घातली, आणि तिथे खरा घोळ झाला. सुकाणू एकाच्या हातात, तोफा दुसऱ्याच्या. बाकी दोघं मोबाइलमध्ये. जहाजं जवळ यायला पाऊण तास लागला. एमआर म्हणाला, "मला उडी मारून जायचंय, कधी पोचतोय सांग, तोवर चहा टाकतो." तो आत गेला आणि विझर्डने दीडशे फुटांवरून फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, टाकला. नियम साफ आहे: स्फोटाच्या टापूत अंगावर नसलेली, पेट घेऊ शकणारी प्रत्येक वस्तू पेटते. शिडं, दोर, डांबर, सगळं पेटलं. शत्रूचं जहाज बुडालं आणि त्यासोबत त्यातली मिरी, रेशीम, सोनं. "अरे, मालच जाळलास!" बागायतदार कळवळून ओरडला. "आता विकायचं काय, राख?"

ते वाक्य डोक्यात राहिलं. खऱ्या चाच्यांचं वाचायला घेतलं तेव्हा कळलं की त्यांचंही गणित हेच होतं. जहाज बुडवून हाती काय लागणार? झेंडा दाखवायचा, घाबरवायचं, आणि समोरच्याने लढाई न करता शिडं उतरवावीत असं बघायचं. लूटही बहुतेक वेळा कापड, साखर, दोर, औषधं अशी असायची. ती कुठेतरी विकावी लागायची. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने मक्केहून सुरतेला परतणारं गंज-ए-सवाई लुटलं तशी घबाडं विरळाच. खजिना पुरून ठेवण्याचे प्रकारही फार थोडे. पण मला सगळ्यात कामाची गोष्ट सापडली ती त्यांच्या करारांत. जहाजावर चढताना लिखापढी व्हायची: कुणाला किती वाटे, हातपाय गेला तर भरपाई किती. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर रात्री आठला दिवे मालवायचे असा नियम होता. आणि कप्तान मतांनी निवडला जायचा, मतांनीच उतरवलाही जायचा.

दुसऱ्यांदा मांडताना मी बेटांना हातच लावला नाही. तिसऱ्या लेव्हलपासून (पात्रं खेळता खेळता लेव्हल चढतात) सुरुवात केली, कारण फायरबॉल पाचव्या लेव्हलला मिळतो. (हा पळपुटेपणा आहे, मान्य.) जहाज विकत घ्यायचं तर नियमांप्रमाणे दहा हजार सोन्याची नाणी, ती त्यांच्याकडे कुठून येणार? म्हणून एक गळकं गलबत दिलं, तीस खलाशांसकट. पहिलं पूर्ण सेशन करार लिहिण्यात गेलं. मला वाटलं कंटाळतील. साडेतीन तास भांडले! भरपाईत डोळ्याला जास्त की पायाला, यावर एमआर आणि विझर्ड यांचं अजून जमलेलं नाही.

समुद्रावर सगळ्यात मोठी भीती तहानेची असं मी धरून चाललो होतो. पण क्लेरिककडे पहिल्या लेव्हललाच पाणी तयार करायचा मंत्र असतो, एका स्लॉटला (म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या मंत्रांपैकी एकाला) दहा गॅलन. त्यावर बंदी घालायचं मनात आलं होतं. मग हिशेब मांडला. माणशी दिवसाला एक गॅलन, उन्हाळ्यात दोन. नुसत्या तीस खलाशांनाच साठ गॅलन. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकचे पहिल्या पातळीचे चार स्लॉट आणि दुसऱ्या पातळीचे दोन, त्यांना वीस-वीस गॅलन. साठ गॅलन भरून तिच्या हाती दिवसभरासाठी एक-दोनच स्लॉट उरतात. बंदीची गरजच नव्हती. वारा पडल्यावर चौथ्या दिवशी बहिणीने पाणी निम्म्यावर आणलं, जखमी खलाशी वाचवायला मंत्र राखून ठेवले, आणि खलाशी कुजबुजू लागले. त्या शनिवारी लढाई झालीच नाही, तरी मोबाइलला कुणी हात लावला नाही. मतदान झालं. बहिणीची कप्तानी दोन मतांनी वाचली.

चाचा या शब्दावरून मात्र आमच्यात वाजलं. विझर्डचं म्हणणं, "इंग्रज कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणायचे. ते तर मराठ्यांचे सरखेल, आरमाराचे प्रमुख." खरं आहे. समुद्रावर फिरायचं तर त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, असा त्यांचा नियम होता, जसा पोर्तुगीज आपला कार्ताझ घ्यायला लावत. इंग्रजांना दस्तक नको होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. मी ते थेट खेळात आणलं नाही. पण दस्तक आणला. आमच्या जगात एक सरखेल आहे, ती परवाने देते, आणि परवाना नसलेलं प्रत्येक जहाज तिच्या लेखी चाचा. तिच्या लेखी आमचं टोळकंही त्यातच.

अलिबागला आत्याकडे गेलो तेव्हा ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत गेलो आणि किल्ला बघता बघता वेळेचं भान सुटलं. परत निघताना पाणी पोटऱ्यांना लागत होतं. आत्याच्या शेजारचे मासेमारी करणारे काका हसले. "तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. एवढंही नाशिकला शिकवत नाहीत?" चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा. मी तिथल्या तिथे हे वहीत लिहून घेतलं. आता टेबलावर बावीस बेटांच्या जागी भिंतीवरचं कॅलेंडर असतं. वाराही शाळेत शिकलो तोच: दिवसा खारे वारे किनाऱ्याकडे, रात्री मतलई वारे समुद्राकडे. बंदरातून चोरून निसटायचं तर पहाटे.

पाणी किती चढलं हे सांगायला मात्र काही सुटसुटीत हवं होतं. ते घरचंच निघालं. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात नाशिककर पूर मोजतात तो मारुतीवर, कमरेला लागलं, छातीला लागलं. तसाच दगडी मारुती मी शत्रूच्या बंदरात उभा केला. आणि किल्ल्यावर घंटा टांगली. नारोशंकराच्या देवळावरची पोर्तुगीज घंटा आम्ही लहानपणापासून बघतोय. तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. समुद्राकाठची लूट आमच्या नदीकाठी टांगलेली, आणि मी चहात कागद बुडवत बसलो होतो!

ती घंटा पळवायला चौघांनी चतुर्थीची रात्र निवडली. तीनच्या भरतीला आत, मतलई वाऱ्यावर बाहेर. बेत उत्तम होता. घंटेचं वजन कुणी विचारलं नव्हतं. बार्बेरियनला फाशावर चार पडले, मग दोन. दर फाशानंतर बहीण विचारायची, "मारुती?"

"छाती."

"मारुती?"

"कंबर."

घंटा गलबतात चढली तेव्हा पाणी गुडघ्यांवर होतं आणि तळ चिखलात रुतला होता. किल्ल्यावर मशाली पेटल्या. याच्या पुढचं माझ्याकडे काही लिहिलेलं नव्हतं. बागायतदार म्हणाला, "घंटा किल्लेदारालाच परत विकू. पुढच्या भरतीपर्यंत भाव करायला वेळ आहे."

भाव निम्म्यावर आला होता, तेवढ्यात त्याला फोन आला की कंटेनर लागतोय. मग द्राक्षांची काढणी सुरू झाली. दोन महिने झाले, गलबत तसंच चिखलात कललेलं आहे, आणि ग्रुपवर बहीण दर शनिवारी विचारते, "मारुती?"