तिबेटी मॅस्टिफ आणि बाकीचा गोतावळा

मॅस्टिफचा, म्हणजे या अवाढव्य, दणकट कुत्र्यांचा विषय निघाला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, वजन किती? मग झोर्बाचं नाव येतंच, १९८९ मध्ये गिनीज बुकात नोंद झालेला इंग्लिश मॅस्टिफ, १५५.६ किलो. आकडा जबरदस्त आहे, मान्य. पण मला ही कुत्री कशासाठी पाळली गेली तेच जास्त भारी वाटतं, कारण प्रत्येक ब्रीडचा जबडा, केस, स्वभाव सगळं त्या कामातून आलंय आणि काम सुटलं की त्या जनावराचे हाल सुरू होतात.

जुन्यात जुन्या पुराव्यांपैकी माझा सगळ्यात आवडता म्हणजे निनवेहचा, आजच्या इराकमध्ये मोसुलजवळ. तिथे असिरियाच्या असुरबनिपाल राजाच्या महालातल्या दगडी चित्रांत शिकारीला निघालेली दणकट कुत्री आहेत, जाड मान, भरलेली छाती, आणि दोर ताणून त्यांना आवरणारी माणसं, साधारण इसवी सनापूर्वी ६४५ चं काम. त्याच महालात पाच छोटी मातीची कुत्री पण सापडली, वाईट शक्ती आत येऊ नयेत म्हणून पुरलेली, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलंय! एकाचं नाव शत्रूला पकडणारा, एकाचं भुंकणं दणदणीत अशा अर्थाचं, आणि एकाचं चक्क ‘विचार करू नकोस, चाव’. आपल्याकडे वाघ्या म्हणून हाक मारतात त्याच जिव्हाळ्याने ठेवलेली वाटतात ही नावं. आता ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

पुढे ग्रीसच्या एपिरस भागातली मोलोसियन कुत्री, ज्यांचा उल्लेख ॲरिस्टॉटल करतो. या सगळ्या वर्गाला आजही मोलोसर म्हणतात ते त्यावरूनच, पण आजचं प्रत्येक ब्रीड थेट तिथूनच आलं असं जे ब्रीडर छातीठोक सांगतात त्यावर माझा विश्वास नाही, बहुतेक ब्रीडचं आजचं रूप गेल्या दीडशे-दोनशे वर्षांतलंच आहे.

बुलमॅस्टिफच घ्या ना. १८६० च्या सुमारास इंग्लंडात जमीनदारांच्या रानात रात्री चोरून शिकार करणारे घुसायचे, राखणदारांना असा कुत्रा हवा होता जो आवाज न करता गाठेल आणि माणसाला पाडून दाबून धरेल, फाडणार नाही. मॅस्टिफ त्यासाठी संथ पडायचा, त्या काळचा बुलडॉग फार आक्रमक, म्हणून दोघांचा संकर केला, साधारण ६० टक्के मॅस्टिफ नि ४० टक्के बुलडॉग. अंधारात दिसू नये म्हणून पट्टेरी गडद रंग पसंत करायचे. किती नेमका विचार आहे बघा! याउलट इटलीचा निओपोलिटन मॅस्टिफ, १९४६ च्या नेपल्सच्या डॉग शोनंतर पिएरो स्कान्झियानी या लेखकाने तो सावरला हे मोठंच काम, पण नंतर सुरकुत्यांच्या हौसेपायी डोळ्यांचे आणि कातडीचे आजार वाढत गेले ते मला अजिबात पटत नाही.

आणि आता तिबेटी मॅस्टिफ, माझा जीव अडकलाय तो यात. नाव मॅस्टिफ असलं तरी घराणं वेगळं, हा मेंढपाळांच्या राखणदार कुत्र्यांतला. दिवसा बांधून ठेवायचे आणि रात्री तंबू नि गुरं राखायला सोडायचे. १८४७ मध्ये भारताचा गव्हर्नर जनरल असलेल्या हार्डिंगने एक व्हिक्टोरिया राणीला पाठवला होता. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, पिल्लं थंडीत होतात. विरळ हवेत तगायला मदत करणारा जनुकाचा एक प्रकार त्यांना तिबेटी लांडग्यांकडून मिळालाय असं २०१७ च्या संशोधनात दिसलं, म्हणजे कधीतरी कुत्र्या-लांडग्यांचा संबंध आला आणि त्यातलं उपयोगी तेवढं टिकलं.

अशा कुत्र्याचं चीनमध्ये काय झालं? श्रीमंतांची प्रतिष्ठा. २०१४ मध्ये झेजियांगमध्ये एक पिल्लू १.२ कोटी युआनला विकलं गेल्याच्या बातम्या आल्या. मग फॅशन ओसरली, भाव कोसळले, ब्रीडरांनी कुत्री तिबेटच्या पठारावर सोडून दिली, ती टोळ्या करून फिरायला लागली, माणसांवर आणि जंगली जनावरांवर हल्ले, आणि त्यांना जेवू घालायचं ओझं मठांवर. कुत्र्यांचा यात काय दोष, सांगा.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राने मॅस्टिफसकट २३ ब्रीडवर बंदी आणायला सांगितलं होतं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. सरसकट बंदी मला चूकच वाटते, पण पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात दोन थरांच्या केसांचा तिबेटी मॅस्टिफ फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवणं त्याहून चूक. ज्याला खरंच मॅस्टिफ घ्यायचाय त्याने आधी पिल्लाच्या आईबापांचे खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागावेत, दोघांना समोर बघावं, आणि ब्रीडर टाळाटाळ करत असेल तर सरळ परत यावं.