शपथविधीच्या सकाळची शिफ्ट

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. मी तेव्हा एका मराठी न्यूज साइटच्या डेस्कवर होतो, सकाळची शिफ्ट, म्हणजे चहा, राशीभविष्य, हवामान आणि रात्रीच्या कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मजकूर, साफसूफ करणं. टेबलावर पडलेल्या पेपरांत पहिल्या पानावर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, कारण आदल्या संध्याकाळी शरद पवार स्वतःच तसं बोलले होते. आणि आठच्या सुमारास बघतो तर टीव्हीवर राजभवन, राज्यपाल कोश्यारी, शपथ घेतायत फडणवीस आणि मागोमाग अजित पवार! शेजारचा म्हणाला, जुनी क्लिप लावलीय वाटतं.

अलर्ट सोडला आणि रिअलटाइमचा आकडा, म्हणजे त्या क्षणी साइटवर किती लोक आहेत तो, असा पळायला लागला की साइट झोपते की काय वाटलं. तेवढ्यात लँडलाइनवर साताऱ्याहून एका आजोबांचा फोन, "अहो, माझ्या हातातल्या पेपरात उद्धव आहेत आणि नातू मोबाईल दाखवतोय त्यात देवेंद्र, खरं कुठलं धरायचं?" म्हटलं आजोबा, पेपर रात्री छापलाय. "बरं, मग रात्रीत राष्ट्रपती राजवट उठवली कोणी?" (सगळ्या सकाळीत कामाचा प्रश्न हा एकच.)

आमच्या वरिष्ठ सरांचं मात्र चालू होतं, एकाच बातमीचे तुकडे पाडा. फोटो वेगळे, ट्विट वेगळे, 'पहाटे काय घडलं, वाचून थक्क व्हाल' वेगळं, आत चार ओळी. लोक यायचे आणि काही सेकंदांत पळायचे, का नाही पळणार. दुपारी उसंत मिळाल्यावर आजोबांच्या प्रश्नावर साधी कॉपी लिहिली. राजवट १२ नोव्हेंबरला लागलेली, उठवायला एरवी केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते, पण केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला नियम १२ वापरून पंतप्रधान तातडीच्या वेळी बैठकीशिवाय मंजुरी देऊ शकतात, मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेतात, तेच केलं आणि पहाटे ५.४७ ला राजवट उठली. हेडिंग एकदम सपक. क्लिक बेताचेच, पण सरासरी वेळ बघितला तर आलेला माणूस नीट वाचून जात होता, वर खालच्या लिंकवरून दुसरी बातमीही उघडत होता. २६ तारखेला सुप्रीम कोर्टाने बहुमत चाचणीचा आदेश दिला, त्याच दिवशी दादा आणि फडणवीस दोघांचे राजीनामे, तेव्हाही लोक हीच कॉपी शोधत आले.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या कॉपीचं नाव नाही, कारण कॉलम एकच, पेजव्ह्यूज, म्हणजे पान किती वेळा उघडलं. सरांना विचारलं, वाचनाचा वेळ का नाही टाकत? म्हणाले, जाहिरातवाले तो विचारत नाहीत.