नुसतं बोलून घर चालतं का?

परभणीपासून उदगीरपर्यंत कुठेही गेलं तरी रेडिओवर किंवा पॉडकास्टवर बोलायला शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न येतोच, ‘भाऊ, नुसतं बोलून घर चालतंय का?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘माइक कोणता घेऊ?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुरुवात दुसऱ्यापासून करू, त्याचं उत्तर तरी नक्की आहे.

महागडा कंडेन्सर माइक घेऊ नका. आपल्या खोल्यांत खाली फरशी, चारही भिंती उघड्या आणि वर स्लॅब, नाहीतर पत्रे. कंडेन्सर तिथं भिंतीवरून परतलेला आवाज, शेजारचा मिक्सर, गल्लीतल्या भंगारवाल्याचा भोंगा, सगळं इमानेइतबारे टिपतो. शूअरच्या एसएम ५८ च्या जातीचा, स्टेजवर हातात धरतात तसला साधा डायनॅमिक माइक पुरतो. तोंडापासून चार बोटं दूर, जरा तिरका धरला की ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसत नाही. घुमणारा आवाज मारायला दोन जाड वाकळा टांगा. लोक त्या माइकच्या पाठीमागे टांगतात आणि मग म्हणतात, काही फरक नाही. माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, तेव्हा तुमच्या पाठीमागची भिंत त्याला जास्त ऐकू येते. पहिली वाकळ तिथं.

मे महिन्यात कूलर बंद ठेवून तासभर कुणी बोलू शकत नाही, म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा किंवा पहाटे बसा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. पाहुणा एकदम हसला तरी फाटत नाही. बोलणं सुरू होण्याआधी ३० सेकंद गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज घ्या. एडिटिंगला तोडलेल्या जागा भरायला तोच लागतो. लाईट गेली आणि इन्व्हर्टर लागला की मागे घरघर सुरू होते, विशेषतः स्वस्त, स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की बहुतेक वेळा ती जाते.

पाहुणा फोनवर असेल तर साध्या कॉलचं रेकॉर्डिंग वापरूच नका. जुन्या पद्धतीच्या कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो, ‘स’ आणि ‘श’ची धारच निघून जाते. पाहुण्याच्या घरातल्या पोराला दुसरा फोन बापाजवळ ठेवून रेकॉर्डर लावायला सांगा. दुसरा अशासाठी, की ज्या फोनवर कॉल चालू असतो त्यावरचा रेकॉर्डर बऱ्याचदा बंद पडतो. दोन्हीकडे ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवून घ्या, जुळवायला सोपं. फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणि हे सगळं करूनही कधीतरी पोरगा बटण दाबायचं विसरतो. त्यावर उपाय नाही.

आता पहिला प्रश्न. आकाशवाणीच्या हंगामी उद्घोषकाला महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. त्यावर घर चालत नाही, पण उच्चार आणि वेळेची शिस्त तिथंच लागते. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे अमेरिकेतल्यासारखं रोज राजकारणावर तावातावानं बोलणारा रेडिओवाला आपल्याकडे तयारच होत नाही. कम्युनिटी रेडिओच्या, म्हणजे स्थानिक संस्था चालवतात त्या केंद्राच्या, प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉटपर्यंत, आवाज जेमतेम तालुक्यापुरता, पगारही तसाच.

राहिला पॉडकास्ट. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास ऐकलं जाणं लागतं. चाळीस मिनिटांच्या भागावर माणूस सरासरी दहा मिनिटं थांबला, तर २४,००० वेळा कुणीतरी तो लावायला हवा. एवढं झाल्यावर जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के तुमचे. म्हणून सगळे शेवटी स्थानिक प्रायोजकाकडे वळतात. कोचिंग क्लासवाले, कृषी सेवा केंद्र, सराफ. आणि पतसंस्था.

इथं जरा थांबतो. तुम्ही विचारत नाही ते हेच.

पतसंस्थेला नुसती जाहिरातीची जागा नको असते, तुमचा आवाज हवा असतो. ‘भागाच्या मध्येच, तुमच्या शब्दांत, गप्पा मारल्यासारखं सांगा,’ असं म्हणतात आणि त्याचे पैसेही बरे देतात. बँकेपेक्षा घसघशीत व्याज, शाखा नवी, फर्निचर चकचकीत. २०२३ पासून बीड आणि छत्रपती संभाजीनगरकडे काही पतसंस्था आणि मल्टिस्टेटची, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या क्रेडिट सोसायट्यांची, शटरं पडली, ठेवीदार पासबुकं घेऊन दारात बसले. अशी संस्था बसली की जाहिरात वाचणाऱ्याला फोन येतात. फोन करणारी बाई शिलाई मशीनवर बसून वर्षभर ऐकत आलेली असते. तिला अध्यक्षाचं नाव माहीत नसतं, तुमचं माहीत असतं. ‘तुम्हीच म्हणला होता ना?’ करारात लिहिलेलं असतं की जबाबदारी संस्थेची. त्या करारावर तिची सही नसते.

मी शिकायला येणाऱ्यांना पूर्वी सांगायचो, पेपरात जाहिरात छापली म्हणून संपादकाची कॉलर कुणी धरतं का? युक्तिवाद मला आजही खोटा वाटत नाही. पण पेपरातल्या जाहिरातीला चौकट असते. बोलण्याच्या ओघात आलेल्या जाहिरातीला नसते, आणि ती नसावी यासाठीच तर पैसे मिळतात. मग चौकट आपण घालायची. आधी-नंतर छोटी धून, ‘ही जाहिरात आहे’ असं स्पष्ट वाक्य, आणि शक्यतो दुसऱ्याचा आवाज. ‘सुरक्षित’, ‘खात्रीशीर’, ‘मी स्वतः ठेवलेत’ हे शब्द खोडा. ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या येत नाहीत. एवढी एकच गोष्ट जाहिरातीत सांगू का, असं संस्थेला विचारा. बहुतेक तिथंच बोलणं संपतं.

जाहिरातीची फाइल वेगळी ठेवा, म्हणजे नंतर काढता येते. ऑडिओच्या होस्टिंगवर, म्हणजे पॉडकास्टच्या फाइली जिथं चढवता त्या सेवेवर, त्याच भागाची फाइल बदलता येते. यूट्यूबवर बदलता येत नाही, फक्त मधला तुकडा कापता येतो. पण संस्था बुडाल्यावर कापलं तर लोक म्हणणार, पुरावा पुसला. ठेवलं तर म्हणणार, अजून जाहिरात चालूच आहे.

तुम्ही म्हणाल, मग पतसंस्था घेऊच नका. ठीक. पण सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही अशी बोंब जवळपास दर खरिपाला उठते, आणि कृषी केंद्राची जाहिरातही मेअखेरीस तुमच्याच आवाजात गेलेली असते. कोचिंग क्लासच्या निकालाच्या पोस्टरवर कोणाकोणाचे फोटो असतात तेही लातूरला जाऊन बघा. सगळं नाकारून महिन्याचं भाडं कुठून द्यायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सध्या मी शिकणाऱ्यांना लग्नसमारंभाचं सूत्रसंचालन आणि प्रचाराच्या गाड्यांचे व्हॉइसओव्हर सोडू देत नाही. दर आधी ठरवा, निम्मे आगाऊ घ्या, निवडणुकीचे मतदानाच्या आधी पूर्ण घ्या.