आत्याचं परसदार, देपालपूर रोड

मागच्या रविवारी सकाळी साडेसहालाच इंदुरातून निघालो, मी, बायको आणि आमची सहा वर्षांची लेक. आत्याचं गाव देपालपूरच्या अलीकडे आहे, गांधीनगर ओलांडून हातोदच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीन, सप्टेंबर असल्यामुळे शेंगा भरलेल्या आणि पानं खालून पिवळी पडायला लागलेली. वाटेत पोहे-जलेबी खाल्ली, नऊच्या आत पोचलो. रस्त्याचं एवढंच, कारण मला लिहायचंय ते घराच्या मागचं.

आतोबा गेल्यापासून आत्यानं शेत बटाईनं दिलंय, पण परसदारात ती कुणाला ढवळाढवळ करू देत नाही. मागचं दार उघडलं की आधी मोरी, मोरीचं पाणी जातं तिथं अळू आणि दोन केळी, पुढे कुंपणावर घोसाळ्याचे वेल, ज्याला इकडे सगळे गिलकीच म्हणतात, मग जामाचं झाड. (पुण्याच्या वाचकांसाठी, जाम म्हणजे पेरू, आम्ही घरी मराठीत बोलतानाही जामच म्हणतो.) सीताफळाला डोळे उघडायला लागलेत. भुट्ट्याच्या चार ओळी, आणि मांडवावर गराडूचा वेल, पानं विड्याच्या पानासारखी. कंद खणायचा तो थंडीत, तेव्हा हाताला तेल लावून कापायचा नाहीतर खाज सुटते, मग तळून वरून लिंबू आणि जीरावन. आत्ता फक्त वेल बघून यायचं.

लेक कढीपत्त्यापाशी थांबली आणि ओरडली, "बाबा, पानावर चिमणीची शी आहे आणि ती चालतेय!" मी बघितलं तर खरंच, तपकिरी-पांढरी, ओलसर दिसणारी अळी. लिंबावर येतं ना ते काळं-पिवळं फुलपाखरू, त्याची. लहानपणी ती अशी विष्ठेसारखी दिसते म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत, आणि मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. शेजारच्याच फांदीवर तशी एक मोठी होती. आत्यानं काडीनं हळूच तिला टोचलं, तशी डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि असा उग्र वास आला की लेक दोन पावलं मागे. शिंगं लगेच आत. मग "परत कर ना आजी" सुरू झालं, पण आत्या म्हणाली, "एकदाच गं, तिला त्रास होतो."

मी विचारलं, लिंबावरची अळी कढीपत्त्यावर कशी? तर लिंबू, संत्रं, कढीपत्ता हे सगळे एकाच कुळातले, मादी पानाच्या वासावरून ओळखते आणि तिथंच अंडी घालते. "त्या खालच्या दोन फांद्या मी तोडतच नाही," आत्या म्हणाली, "खाऊ देत त्यांना. मी एकटी, मला कढीपत्ता लागतो किती?"

पडवीच्या कडेला जिथं पाऊस लागत नाही तिथं भुसभुशीत कोरडी माती आहे, आणि तिच्यात नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे. माझ्या लहानपणी पण होते, अगदी त्याच जागी, मला फार बरं वाटलं ते बघून. तळाशी एक किडा दबा धरून असतो, मुंगी कडेवर आली की माती घसरते, ती वर चढायला लागली की किडा खालून माती उडवून तिला पाडतो. गवताच्या काडीनं मी एक बाहेर काढला, हातावर ठेवला तर तो उलटा, मागे मागे चालायला लागला. मोठेपणी त्याला चतुरासारखे पंख फुटतात. अर्धा तास आम्ही दोघं तिथंच उकिडवे बसलो होतो.

दुपारी भुट्ट्याचा कीस, तुपात हिंग-मोहरी, हिरवी मिरची आणि दूध घालून मुरवलेला. खाता खाता आत्यानं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी समोरच्या शेतात फवारणी झाली तेव्हा वारा घराकडे होता, दुसऱ्या दिवशी मोरीपाशी मधमाशा मरून पडलेल्या. त्या वर्षी गिलकीला फुलं आली भरपूर पण फळ जवळपास धरलंच नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधे माशी नसेल तर कसं धरणार? शेवटी ती सकाळी उठून स्वतः नर फुलं तोडून मादी फुलांवर फिरवायची, गुडघे दुखत असताना. तेव्हापासून फवारणीच्या आदल्या दिवशी तिला सांगायचं असं ठरलंय आणि वारा बघूनच पंप सुरू होतो. हे ऐकून घास घशाखाली उतरेना.

निघताना तिनं अळूची पानं, सहा भुट्टे, जाम आणि कढीपत्त्याची मोठी जुडी दिली. रात्री घरी बायकोनं जुडी सोडली तर आत एक अळी, हिरवी, बोटाच्या पेराएवढी. लेकीनं झोपायलाच नकार दिला. बाल्कनीत लिंबाची कुंडी आहे तिथं तिला ठेवली आणि आत्याला फोन लावला.

"लिंबावर राहील ती," आत्या म्हणाली, "पण पानं कमी पडली तर बाजारातला कढीपत्ता घालू नका. त्यावर काय मारलंय ते आपल्याला कुठे माहीत. मला सांगा, मी दूधवाल्याबरोबर पाठवते."