आळेगावला अडकलो, बुधवारी सुटलो

मंडळी, पेशवाईतल्या पत्रांचा तारीखवार तक्ता अखेर हलला! गेल्या खेपेला थोरल्या माधवराव पेशव्यांना आळेगावात काका राघोबादादांच्या स्वाधीन करून थांबलो होतो आणि पुढचा भाग लगेच देतो म्हणालो होतो. पण पुढचं काही केल्या जुळेना. नोव्हेंबर १७६२ चं आळेगाव आणि १० ऑगस्ट १७६३ ची निजामाविरुद्धची राक्षसभुवनाची लढाई यांच्या मधल्या नऊ महिन्यांनी अक्षरशः छळलं. काल रात्री ते एकदाचे जागेवर बसले, म्हणून एवढ्या घाईने लिहितोय.

पद्धत नेहमीचीच. एका हाताला रणजित देसाईंची माधवरावांवरची कादंबरी ‘स्वामी’, दुसऱ्या हाताला सरदेसाईंचा इतिहास, म्हणजे ‘रियासत’, अधूनमधून अनिलचंद्र बॅनर्जींचं इंग्रजी चरित्र, आणि या सगळ्यांवर पहारेकरी म्हणून वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’. खऱ्यांचा संग्रह मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरातल्या पत्रांचा असल्यामुळे या नऊ महिन्यांसाठी त्याच्यासारखं साधन नाही. कारण गोष्टच पटवर्धनांची आहे. आळेगावनंतर राघोबादादा मिरजेवर चालून गेले, गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले, १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणं लुटून जाळलं, आणि राक्षसभुवनाच्या आसपास हेच पटवर्धन पुन्हा पेशव्यांच्या बाजूला दिसतात. कशाच्या आधी काय घडलं, यावर गोपाळराव फितुरी की नाइलाजाने दूर गेलेला माणूस, हे ठरतं. म्हणून पत्रं ओळीने लावणं भाग होतं.

आणि ती ओळीने लागत नव्हती. मार्गशीर्षातल्या एका पत्राचं पौषात गेलेलं उत्तर तक्त्यात मूळ पत्राच्या अकरा महिने आधी येऊन बसलं होतं. म्हणजे प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार! त्या मुत्सद्द्यांची हुशारी मान्य आहे, पण इतकीही नाही.

चोर सापडला तो शुहूर सनात, म्हणजे त्या पत्रांवरच्या अरबी आकड्यांच्या वर्षगणनेत. माहीतगारांना हे पाठ असेल, तरी नव्याने तक्ता करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. नेटवरची बरीच कोष्टकं शुहूर सनात सरसकट ६०० मिळवतात आणि इसवी सन देऊन मोकळी होतात. पण हा सन बदलतो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६३. त्याचा मार्गशीर्ष पडतो १७६२ मध्ये आणि पौषाचा बराचसा भाग १७६३ मध्ये. सरसकट ६०० मिळवले की मार्गशीर्ष एक वर्ष पुढे उडतो आणि पौष मात्र जागच्या जागी राहतो. पत्र पुढे, उत्तर मागे. आळेगाव नेमकं या दुखऱ्या भागात आहे, आणि नऊ महिने संपता संपता मृग लागून सनही बदलतो : अर्बा सितैन, म्हणजे ११६४. दोन्ही बाजूंनी कात्री.

हे दुरुस्त केल्यावर वर्षं जागेवर आली. दिवस येईनात. कारकून तारीख चंद्राची देतात, ‘छ ६ जमादिलाखर’ अशी (छ म्हणजे चंद्र, जमादिलाखर हा हिजरी महिना). चंद्र कोणत्या संध्याकाळी दिसला, यावर अख्खा महिना एक दिवस इकडे किंवा तिकडे. पानिपतचंच घ्या. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. ठरावीक गणिताने त्या दिवशी ७ जमादिलाखर येते. चंद्र एक संध्याकाळ उशिरा दिसला असं धरलं तर ६. राक्षसभुवनाची गत आणखी वाईट. लढाई झाली तेव्हा अमावास्या नुकतीच उलटली होती. गणित १० ऑगस्टला मोहरमची ३० तारीख देतं. म्हणजे महिनाअखेरचं पत्र मोहरमचं की सफरच्या पहिल्या चंद्राचं, म्हणजेच लढाईच्या आदल्या दिवशीचं की दुसऱ्या दिवशीचं, हे एका संध्याकाळवर आलं. आणि दिवस पावसाळ्याचे. गोदाकाठी त्या संध्याकाळी ढग होते की नव्हते, सांगा आता!

इथे बरेच दिवस घोडं पेंड खात होतं. त्यात माझ्याकडची लेखसंग्रहाची स्कॅन केलेली प्रत अशी, की स्कॅन करणाऱ्याने पानाच्या कडा नेमक्या तारखेवरच छाटल्यात. फुकटात मिळालेल्या प्रतीला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवतो. ज्यांच्याकडे मूळ छापील खंड आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, एवढीच विनंती. पुनर्मुद्रणांबद्दलही तेच : गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ आणि सूची गायब. सूचीशिवाय लेखसंग्रह घेऊन करायचं काय?

वाट दाखवली वारांनी. बऱ्याच पत्रांत तिथीबरोबर वारही असतो : इंदुवासर, भृगुवासर, मंदवासर, सौम्यवासर. आजवर मी ते मायना-शिरस्त्यासारखे वाचून पुढे जात होतो. पण चंद्राचं दिसणं ढगांवर अवलंबून असतं, वाराचं असणं कशावरच नाही. तारीख सहा की सात हे ठरत नसेल आणि पत्रात सौम्यवासर लिहिलेला असेल, तर बुधवार ज्या तारखेला येतो ती खरी. मोडकांची जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखा-वारांचं कोष्टक, उघडली, वारांच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि एकामागून एक पत्रं पटापट बसत गेली.

वार काढायला माझं नेहमीचं तक्त्याचं सॉफ्टवेअर काही कामाचं नाही. १९०० च्या आधीची तारीख दिली की ते तिला तारीख मानायलाच तयार होत नाही. मग सरळ पानिपतचा बुधवार खुंटी धरला आणि दिवस मोजून सातांनी भागत गेलो. पानिपत ते राक्षसभुवन ९३८ दिवस, बरोबर १३४ आठवडे. म्हणजे राक्षसभुवनही बुधवारीच. मग राहवेना, माधवरावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे थेऊरपर्यंत गेलो. १८ नोव्हेंबर १७७२, कार्तिक वद्य अष्टमी : पानिपतपासून ४३२६ दिवस, ६१८ आठवडे, बाकी शून्य. तोही बुधवार! ज्या पराभवाने माधवरावांच्या वाट्याला ते ओझं आलं तो, त्यांचा सगळ्यात मोठा विजय आणि त्यांचा मृत्यू, तिन्ही एकाच वारी. याला काही अर्थ नाही हे मलाही कळतं. तरी मी उठून चहा केला आणि घरच्यांना ऐकवलं. कोणी फारसं हललं नाही.

तर हाती काय आलं? मिरजेवरची चाल आधी आणि गोपाळरावांचं निजामाकडे जाणं नंतर, हा क्रम माझ्या तक्त्यात आता पक्का आहे. रियासतीतून हेच समजतं, पण स्वतः पत्रं लावून तिथे पोचण्याची मजा निराळी. आता ‘स्वामी’तला तेवढा भाग पुन्हा वाचला. १९६२ ची कादंबरी, पण भाषा अजून ताजी आहे. काका-पुतण्यातलं प्रेम आणि संशय एकाच वाक्यात राहू शकतात, हे रणजित देसाईंना पक्कं कळलंय. पण माझी तक्रारही तिथेच आहे. कादंबरी वाड्यात रमते. मिरज, हैदराबाद, नागपूर ही ठिकाणं बातम्यांसारखी येतात आणि जातात. त्यामुळे राघोबादादा हट्टी, हळवे, पुन्हा हट्टी असे दिसतात, पण एका जुन्या सरदार घराण्याला शत्रूच्या गोटात ढकलण्याची किंमत त्यांच्या खात्यावर पुरेशी पडत नाही. ती किंमत पुण्याने घरंदारं जळून मोजली.

बॅनर्जींचं चरित्र याच्या नेमकं उलट. मोहिमा, तह, रकमा, सगळं जिथल्या तिथे, आणि माणूस शोधून सापडत नाही. रामशास्त्र्यांनी माधवरावांना जपात गुंतलेलं पाहून काशीला जायची परवानगी मागितली, ही ग्रँट डफने दिलेली गोष्ट तक्त्यात कुठे ठेवावी, मला अजून समजलेलं नाही. वार नाही, तिथी नाही, सन नाही. सध्या ती समासात पेन्सिलीने आहे.

आता पुढचं. ठरलं होतं १७७० ची कर्नाटक मोहीम : निजगल, मग आजारामुळे माधवरावांचं परतणं, त्र्यंबकराव पेठ्यांनी मार्च १७७१ मध्ये मोती तलावावर हैदरला दिलेली मात. त्यासाठी दोन रकाने वाढवतोय : पत्र लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची, म्हणजे पोचल्याची, तारीख. पानिपतची बातमी नानासाहेबांना भेलशाला २४ जानेवारीला कळली, म्हणजे दहा दिवसांनी. मोती तलावाची बातमी आजारी माधवरावांपर्यंत यायला किती दिवस लागले, हे मला बघायचंय. कादंबरीकार आजारपणाच्या खोलीत बसून लिहितो. त्या खोलीत बातमी किती शिळी होऊन येत होती हे कळलं तर ते प्रसंग निराळे वाटतील, असा अंदाज आहे.

पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. थोरल्या बाजीरावावरची ‘राऊ’ ही कादंबरी काढून ठेवली होती, ती आधी घ्यावी म्हणतो. वारांची किल्ली तिथे जास्त लागेल. बाजीराव रावेरखेडीला गेले ती २८ एप्रिल १७४० ही तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची आहे. इंग्रजांनी १७५२ मध्ये अकरा दिवस गाळले. त्या आधीच्या तारखा आजच्या हिशेबात आणायच्या तर अकरा दिवस पुढे जावं लागतं, म्हणजे ९ मे. वैशाख शुद्ध त्रयोदशी जुळते ती ९ मेशीच. तारखा बदलणाऱ्या संकेतस्थळांपैकी निम्मी हा फरक न विचारताच गृहीत धरतात, काही एका बाजूने, काही दुसऱ्या. १७५२ च्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन वेगळे तक्तेच करावे लागणार.

कोणाकडे मोडक जंत्रीची कडा न छाटलेली प्रत असेल तर शके १६६२ चं पान तेवढं बघून सांगा : वैशाख शुद्ध त्रयोदशीला वार कोणता दिलाय? मी मोजला तर सोमवार येतोय. पण वैशाखातलं माझ्या प्रतीतलं पान अर्धंच आहे.