टेन-सी आणि टेन-डी

गेल्या महिन्यात मला ५८ वर्षे पूर्ण झाली आणि मी स्वतःच्या नावाने फॉर्म टेन-डी, म्हणजे निवृत्तिवेतनाचा अर्ज, भरला. इतरांसाठी हा अर्ज मी किती वेळा भरला असेल याची मोजदाद नाही, कारण गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका खाण कंपनीच्या हिशेब विभागात मी १९९६ साली रुजू झालो तेव्हापासून पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे कागद हेच माझे काम होते. तरीही माझ्या निवृत्तिवेतनाचा आकडा मी अगदी शेवटपर्यंत मांडून पाहिला नव्हता. परवा तो मांडला, तेव्हा तो महिना चार हजार रुपयांच्या आसपास निघाला.

हा आकडा कसा येतो ते आधी सांगतो, कारण वर्षानुवर्षे पगारातून कपात होऊनही बहुतेकांना तो ठाऊक नसतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम आपल्या पगारातून कापली जाते आणि तेवढीच मालक घालतो. आपले १२ टक्के पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी मात्र ८.३३ टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के आपल्या खात्यात येतात. यात मेख अशी की, निवृत्तिवेतनाकडे जाणारा वाटा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच मोजला जातो, म्हणजे पगार चाळीस हजार असला तरी तिकडे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात. १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू असलेल्या या योजनेचे सूत्र साधे आहे: निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पस्तीस वर्षे अखंड नोकरी झाली आणि सगळा काळ १५,००० ची मर्यादा धरली, तरी उत्तर ७,५०० च्या पुढे जात नाही.

माझ्या पिढीला ते ७,५०० सुद्धा मिळणार नाहीत. वेतनमर्यादा १५,००० झाली ती १ सप्टेंबर २०१४ रोजी. त्याआधी ती ६,५०० होती, आणि त्या तारखेपूर्वीची सेवा ६,५०० नेच मोजावी असा नियम आहे. माझी अठरा वर्षे त्या जुन्या दराने मोजली गेली आणि जेमतेम नऊ वर्षे नव्या दराने. वीस वर्षे किंवा त्याहून अधिक सेवा असल्यास दोन वर्षे वाढवून धरतात, ती धरूनच मी वरचा आकडा सांगितला आहे. शिवाय या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे आज बसलेले चार हजार मी पंच्याहत्तर वर्षांचा झालो तरी चार हजारच राहतील. माझ्यामागे पत्नीला त्यातले निम्मे मिळतील. योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे. कोणतीही वर्गणी न भरता आपल्या राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून पात्र ज्येष्ठांना महिना २,००० रुपये मिळतात, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या कामगाराला काय वाटत असेल हे वेगळे सांगायला नको.

मात्र आज मला लिहायचे आहे ते टेन-सीविषयी, म्हणजे नोकरी सुटल्यावर निवृत्तिवेतन योजनेतील पैशांसाठी भरायच्या फॉर्मविषयी.

१६ मार्च २०१८ रोजी गोव्यातील खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले होते. २०१२ सालच्या बंदीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ही दुसरी बंदी काही महिन्यांत उठेल असे आमच्यापैकी निदान वयस्कांना तरी वाटत नव्हते. मे महिन्यापासून आमच्या कार्यालयाच्या ओसरीवर रांग लागू लागली. टिपरचालक, फिटर, प्रयोगशाळेतील मदतनीस, पहारेकरी असे सर्व जण येत आणि प्रत्येकाचे मागणे एकच असे: "माका पयशे आतांच जाय." कोणाचे घराचे कर्ज होते, कोणाच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती आणि पुढ्यात चतुर्थी होती. ज्यांनी कंपनीच्या भरवशावर स्वतःचा ट्रक घेतला होता किंवा मांडवीवर बार्जचा धंदा केला होता, त्यांना तर काढायला पीएफही नव्हता. त्यांची कथा वेगळी आहे आणि ती लिहिण्याचा अधिकार माझा नाही.

ज्यांची सेवा दहा वर्षांहून कमी असते त्यांच्यापुढे टेन-सी फॉर्म दोन वाटा ठेवतो. निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम एकरकमी काढून घ्यावी ही एक वाट, आणि योजना प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आम्ही स्कीम सर्टिफिकेट म्हणतो ते घेऊन झालेली सेवा पुढच्या नोकरीला जोडण्यासाठी राखून ठेवावी ही दुसरी. सेवा दहा वर्षांची झाली की पहिली वाट बंद होते. मग वयाची अट पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतनच घ्यावे लागते. यात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून साडेनऊ वर्षे झालेला माणूस दहा वर्षांच्या रांगेत बसतो. मी त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भरलेल्या जवळजवळ प्रत्येक टेन-सीवर पहिल्या वाटेची खूण केली. समोरच्याने विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही. रांग मोठी होती हे खरे, पण ते कारण पुरेसे नाही. मलाच ती दुसरी वाट निरुपयोगी वाटत असे.

आता हिशेब करतो. आठ वर्षांच्या सेवेला एकरकमी रकमेच्या कोष्टकात ८.२२ हा गुणक आहे, तेव्हा १५,००० वेतनाच्या माणसाला सुमारे सव्वा लाख रुपये मिळतात. हीच आठ वर्षे सूत्रात १५,००० ने घातली तर महिन्याला १,७१४ रुपये येतात, म्हणजे सव्वा लाख सहा वर्षांत वसूल होतो. एवढे वाचून कोणीही म्हणेल की पैसे काढणे हा मूर्खपणा होता. परंतु पस्तीस वर्षांच्या माणसाने तो सव्वा लाख आठ टक्क्यांनी तेवीस वर्षे गुंतवून ठेवला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या हाती सात लाखांहून अधिक रक्कम असेल, आणि एवढ्या रकमेवर महिना १,७१४ पेक्षा बरेच अधिक व्याज येऊन शिवाय मुद्दल मुलाबाळांना राहील. सूत्र तरुणाच्या विरुद्ध आहे, कारण त्याचे पैसे इतकी वर्षे योजनेत पडून राहतात त्याचा मोबदला त्यात कुठेच धरलेला नाही. अर्थात काढलेला सव्वा लाख तेवीस वर्षे हात न लावता ठेवणारा माणूस त्या रांगेत मला एकही आठवत नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही, कारण घरी चूल पेटवायची होती.

पन्नाशीच्या माणसाचे गणित मात्र अगदी उलटे आहे, आणि माझी चूक तिथे झाली. आठ वर्षांची सेवा काढून टाकलेला पन्नास वर्षांचा फिटर पुढे कुठेही नोकरीला लागला तरी अठ्ठावन्नपर्यंत त्याची दहा वर्षे भरणार नाहीत, म्हणजे अठ्ठावन्नानंतर त्याला आणि त्याच्यामागे त्याच्या पत्नीला महिन्याचा एक पैसाही मिळणार नाही. तिशीच्या पोराला आणि पन्नाशीच्या कामगाराला मी एकच उत्तर दिले. पगारपत्रकात प्रत्येकाची जन्मतारीख माझ्यासमोर होती.

त्या रांगेतल्या एकाच घराने मला अडवले. एका टिपरचालकाची पत्नी त्याच्याबरोबर आली होती. ती एका पतसंस्थेत साफसफाईचे काम करी आणि काउंटरवरची बोलणी तिच्या कानांवर पडत असावीत. मी खूण करणार एवढ्यात तिने विचारले, "हे पेन्शनचे पैसे आता काढले नाहीत, तर बुडतात का?" बुडत नाहीत, एक प्रमाणपत्र मिळते, असे मी सांगितले. "मग ते द्या," ती म्हणाली. नवऱ्याने बाहेर जाऊन बराच वेळ वाद घातला. शेवटी पीएफ काढला आणि निवृत्तिवेतनाची सेवा राखून ठेवली.

माझ्या स्वतःच्या बाबतीत निवृत्तिवेतनाची सेवा दहा वर्षांच्या पुढे गेलेली असल्यामुळे ती वाचली, पीएफ मात्र वाचला नाही. घराचे छप्पर बदलायचे होते, आणि नोकरी बंद असताना खाते तसेच ठेवले तर तीन वर्षांनी व्याज थांबते असा माझा पक्का समज होता. हिशेब विभागातल्या माणसाचा असा समज असावा याची आज लाज वाटते, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर नोकरी मध्येच सुटलेल्या माणसाच्या खात्यावर निवृत्तीच्या वयापर्यंत व्याज मिळत राहते. छपराला दीड लाख लागले असते; मी चार लाख काढले. उरलेले अडीच लाख कुठे गेले याची नोंद माझ्या वहीत आहे, आणि त्यातली एकही नोंद उधळपट्टीची नाही, तरी त्यातले काहीच आज शिल्लक नाही. ते चार लाख तिथेच राहिले असते तर आज सात लाखांच्या जवळपास असते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा व्याजदर ८.२५ टक्के होता, आणि इतके व्याज इतक्या निर्धोकपणे देणारे ठिकाण मला तरी अन्यत्र सापडलेले नाही.

२०२० च्या जानेवारीत मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो. दोन सेवा जोडताना नवीच अडचण निघाली. आमच्या आडनावातला 'कर' पोर्तुगीज काळच्या नोंदीत 'सी' या अक्षराने लिहिलेला आहे आणि वडिलांच्या नोंदीवरून तो माझ्या जन्मदाखल्यात उतरला. शाळेच्या दाखल्यात आणि आधार कार्डावर तो 'के' झाला. जुन्या कंपनीने 'सी' लावले होते, नव्या कारखान्याने 'के'. परिणामी माझे दोन यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचे दोन क्रमांक, तयार झाले आणि संगणकाच्या दृष्टीने मी दोन माणसे झालो. त्यात जुन्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीख कधी नोंदवलीच नव्हती. नोंदवायला तिथे आता होते कोण? संयुक्त घोषणापत्र, जन्मदाखला, शाळेचा दाखला, पणजीत पाटोच्या पीएफ कार्यालयाच्या खेपा, असे सात महिने गेले. गोव्यातील घरांत 'नाईक', 'गावकर', 'शेणवी' यांची दोन-तीन स्पेलिंगे सर्रास असतात. ती निवृत्तीच्या वर्षी जुळवायला घेऊ नयेत, मालक जिवंत आणि कार्यालय उघडे असतानाच जुळवून घ्यावीत. लग्नानंतर नामनिर्देशन नव्याने करायचे राहिलेलेही मी पुष्कळ पाहिले आहेत.

एका मित्राने सुचवले की निवृत्तिवेतन साठाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलावे, म्हणजे दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. मी कागद घेऊन बसलो. दोन वर्षांत सोडून द्यावे लागतील सुमारे ९८,००० रुपये आणि वाढ मिळेल महिना सव्वातीनशे. ती भरपाई व्हायला पंचवीस वर्षे, म्हणजे मी पंच्याऐंशीचा होईन. आमच्या घराण्यात त्या वयापर्यंत एक आत्याच पोचली होती. मी ढकलले नाही. कारखान्यात अजून दोन वर्षे काम आहे. ५८ नंतर मालकाचा संपूर्ण वाटा पीएफमध्येच जातो, तेवढीच त्यात भर.

मुलगी वेर्ण्याला एका औषध कंपनीत आहे. तिची कंपनी तिच्या वतीने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतही पैसे भरायला तयार आहे आणि ते घ्यावे की हातात येणारा पगार वाढवून घ्यावा असे ती विचारत होती. ही योजना केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठी १ जानेवारी २००४ पासून आली आणि २००९ मध्ये सर्वांना खुली झाली. सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन असे समजून आजही आपल्याकडे मुलासाठी खेपा घालणाऱ्या पालकांना हे बहुधा ठाऊक नसते की नव्याने लागलेल्यांसाठी ते जुने पेन्शन केव्हाच गेले. मी तिला घे म्हणालो, कारण मालकाने भरलेल्या त्या रकमेवर आयकरात सूट आहे आणि पैसे सहजासहजी बाहेर काढता येत नाहीत. दुसरे कारण तिला आवडले नाही. माझ्या दृष्टीने तेच मोठे होते.

परवा तो टिपरचालक घरी आला होता. २०१९ पासून तो एका शाळेच्या बसवर आहे आणि त्यालाही ५८ पूर्ण झाली. प्लास्टिकच्या पिशवीत, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेच्या घडीत, ते प्रमाणपत्र होते. कोपऱ्याला वाळवी लागली होती, पण क्रमांक वाचता येत होता. जुनी आठ आणि नवी सहा मिळून चौदा वर्षे भरली, त्यांचे महिना अडीच हजारांच्या आसपास निवृत्तिवेतन बसते. त्याचा टेन-डी मी भरला. बँकेच्या तपशिलाच्या रकान्याशी आलो तेव्हा त्याने पत्नीला फोन लावून माझ्या हातात दिला, कारण पासबुक तिच्याकडे असते.