आमच्या छापखान्याची वाटचाल आणि आम्ही न छापलेली चिन्हं

बाबांनी छापखाना सुरू केला तो एका ट्रेडल मशीनवर. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. पुढे ऑफसेट आलं, मग संगणक. आता पाट्या, रबरी शिक्के, गाडीचे स्टिकरही करतो. एकेका अक्षराचे खिळे जुळवायच्या काळात कुठलंही चित्र छापायचं तर त्याचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घ्यावा लागे. आता गिऱ्हाईक मोबाइलवरून राजमुद्रा पाठवतं आणि म्हणतं, "दादा, कार्डावर ही वरती टाका."

आम्ही टाकत नाही. सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेली ही मुद्रा भारत सरकारची आहे. २००५ च्या कायद्याने ती धंद्यात वापरता येत नाही आणि गैरफायद्यासाठी वापरली तर सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड आहे. सिंह थोडे बदलून काढले, पण बघणाऱ्याला सरकारीच वाटले, तरी तो गुन्हाच. मानवाधिकार संघटनेच्या नावाखाली ओळखपत्रं करायला येणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. असं कार्ड समोर धरलं की साधा माणूस घाबरून पैसे काढून देतो. त्या कार्डावर आमची शाई नको, यावर घरात कधी दुमत झालं नाही.

अवघड जातं ते निवृत्त अधिकाऱ्यांना सांगणं. उभा जन्म सरकारी नोकरीत गेलेला, लेटरहेडवर मुद्रा असणारच असं त्यांनी धरलेलं असतं. याच कायद्याखालच्या २००७ च्या नियमांत माजी मंत्री, माजी आमदार, निवृत्त अधिकारी यांना स्पष्ट मनाई आहे. आम्ही नियम काढून दाखवतो. "साहेब, पद ठसठशीत छापू, पुढे 'निवृत्त' लिहू, पण सिंह नकोत." बहुतेकांना पटतं. काही जण उठून दुसरीकडे जातात.

दिवाळीच्या सुमारास कॅलेंडरांच्या ऑर्डरी येतात आणि निम्म्या दुकानदारांना शिवाजी महाराजांचं चित्र हवं असतं, खाली दुकानाची जाहिरात. १९५० च्या बोधचिन्हं व नावांच्या कायद्यात महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं आणि चित्रं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला बंदी आहे. कॅलेंडरावर चित्र चालतं, पण त्यावर फक्त बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं, मालाची जाहिरात नको. महाराज आम्हालाही दैवताच्या जागी आहेत, म्हणून तर तेलाच्या डब्याशेजारी त्यांचं चित्र आम्हालाच बघवत नाही. आमचा डिझायनर रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग रेखाटून देतो. ती कॅलेंडरं लोक वर्ष संपल्यावरही भिंतीवरून काढत नाहीत.

दवाखान्यांच्या पाट्यांचंही तसंच. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे डॉक्टरांचं चिन्ह नाही. युद्धातल्या वैद्यकीय पथकांना संरक्षण देणारं ते चिन्ह १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखून ठेवलेलं आहे. आता पाटीचं प्रूफ दाखवतानाच आम्ही हिरवा क्रॉस टाकून देतो.